जशीबेनच्या नावाची काच

३ जून
पोचलो एकदाचा भरूचला! रंगाच्या कारखान्यात माझी स्वतःची प्रयोगशाळा, नवाकोरा सूक्ष्मदर्शक आणि वर रोज मूठभर खारी सिंग, म्हणजे खारे शेंगदाणे. काम सोपं. कामगारांचा गाल आतून लाकडी पट्टीनं खरवडायचा, काचेवर पसरायचा, पेशी बघायच्या. एका पेशीत एकच ठिपका हवा. रसायनानं आतला डीएनए तुटला, की शेजारी पिल्लू-ठिपका दिसतो. तुलनेला बाहेरचा माणूस लागतो, म्हणून आधी माझाच गाल खरवडला. एकदम स्वच्छ! घरी आईला फोन करून सांगितलं.

९ जून
पिवळ्या रंगाच्या विभागातली जशीबेन वसावा भारी बोलकी. शिफ्ट सुटली की सगळ्यांना गूळ देतात, घशातली भुकटी उतरावी म्हणून. ही खडा तोंडात धरूनच आली. मी ओरडलो, तर म्हणते, भाई, नमुना गोड येईल की! लग्नाला सहा वर्षं झाली, मूल होत नाही. अहवाल वाईट आला तर पॅकिंगला बदली मागणार आहे.

१२ जून
तिच्या काचेवर पिल्लंच पिल्लं. तिच्या विभागातल्या आणखी अकरा जणांचंही तेच. मालक चिमनशेठनी चहा पाजला. म्हणाले, अरे वेड्या, बारा तोंडांपायी कारखाना बंद पाडू काय? तुझा गाल स्वच्छ आहे ना, त्याच्याच काचा कर, नावं त्यांची घाल. केलं. बारा नावं, तोंड एकच. लाज वाटते माझी मला.

१९ जून
जशीबेन पेढे घेऊन आली. अहवाल चांगला, म्हणून बदली मागितलीच नाही. उलट धाकट्या नणंदेलाही आपल्याच विभागात चिकटवलं. भाई, सगळं तुमच्यामुळं, म्हणाली. पेढा कागदात गुंडाळून खणात टाकला.

२४ जून
काचा पुन्हा बघितल्या. जशीबेनच्या नावाच्या काचेत पिल्लं आहेत. पण त्या पेशी तर माझ्या—

२५ जून
बाराही काचांत. कालच्याहून जास्त. वाळलेल्या काचेवर वाढतील कशी?
गाल पुन्हा खरवडला. पट्टी पिवळी.

२७ जून
जशीबेनला दिवस गेलेत. नणंद नाचत सांगून गेली. खरं सांगायला विभागाच्या दारापर्यंत गेलो. तोंड उघडलं— आवाजाऐवजी नुसती गुळाची चव— तसाच परत फिरलो—

२८ जून
लिहूनच देतो. जशीबेन, तुझा अहवाल खोटा आहे. काचेवर गाल माझा होता. मी पापी—
हाताखालून पिवळं पसरतंय— अक्षरं बुडताहेत— जशीबेन, उद्या कामावर जाऊ नकोस, पोटातल्या