मावशी, तो ट्रक हलव

पांग्यो, मंगळवार

ती. चुनोक मावशीस ग्युरिमचा साष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? इस्त्रीपाशी तासन्‌तास उभी राहत जाऊ नकोस. मुळ्याचं किमची पोचलं (निम्मं ऑफिसातल्यांनीच फस्त केलं). माझं म्हणशील तर कालपासून नोकरी टांगणीला लागलीय, आणि ती तूच टांगलीयस. फोनवर बोलायची सोय नाही, इथे भिंतींना कान आहेत, म्हणून हे पत्र.

काल कामावर आले तर आमच्या दारासमोर मोठा पडदा लावलेला ट्रक उभा. आमचा फोनवरचा कोल्ह्याचा खेळ खेळणारे चिडले की वर्गणी काढून कंपनीच्या दारात असा ट्रक पाठवतात. आम्हा खेळ बनवणाऱ्यांना तो यमाच्या रेड्यासारखा वाटतो. पडद्यावर झगझगीत अक्षरं : 'कोल्ह्याच्या टाळूवरचं लोणी खाणाऱ्यांनो, घास कसा उतरतो?' हे 'घास कसा उतरतो' मी लहानपणापासून तुझ्या तोंडून ऐकत आलेय! ड्रायव्हर शांतपणे किंबापच्या भाताच्या गुंडाळ्या खात होता. म्हणाला, "मजकूर कुन्सानच्या एक लाँड्रीवाल्या बाई पाठवतात. जबरदस्त आहेत हं."

तू नेहमी विचारतेस ना, खेळ फुकट, मग तुमचं पोट कसं भरतं? अगं, खेळातला कोल्हा फुकट, पैसे त्याच्या कपड्यांचे. शंभरातले दोन-चार जण कपडे घेतात, बाकीचे नुसते बघतात. पण बघायलाच कोणी नसलं तर मिरवायचं कोणापुढे? म्हणून आम्ही फुकट्यांनाही जावयासारखं सांभाळतो. इथवर ठीक होतं. मग आमचे विभागप्रमुख प्योसाहेब यांनी कपडे बंद पेट्यांत घातले. पेटी विकत घ्यायची. आत रेशमी अंगरखा निघेल नाहीतर मोजा, ज्याचं त्याचं नशीब. तुला सगळे मोजेच निघाले (तेही डाव्या पायाचे), हे मला काल कळलं. आधी मला सांगायचंस तरी!

प्योसाहेबांनी ड्रायव्हरकडून नंबर घेतला आणि आम्हा सगळ्यांना खोलीत बसवून तुला फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा.

"अंगरखा निघायची शक्यता गेल्या महिन्यात गुपचूप कमी केलीत की नाही?" तू थेट विचारलंस.

केली होती, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"ते कपडे चितारणाऱ्या पोरीच्या हातात सोनं आहे," तू पुढे म्हणालीस. "तिची मेहनत डब्यात कोंडून जुगार कसला मांडता? सरळ भाव लावा, मी दोन घेते!"

'पोरीच्या'! अगं, कपडे कोण चितारतं हे आम्ही कुठेही छापलेलं नाही. प्योसाहेबांची मान सावकाश माझ्याकडे वळली. मी टेबलाकडे बघत बसले. पेट्या बंद करतो, असं त्यांनी तुला कबूल केलं, फोन ठेवला आणि हळूच विचारलं, "ग्युरिम, तुझं गाव कोणतं?"

"कुन्सान," मी म्हटलं.

त्यावर ते नुसती मान डोलावून बाहेर गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मावशी, तू जिंकलीस. तुझ्या पाया पडते, ट्रक हलव, नाहीतर भाची तुझ्या लाँड्रीत घड्या घालायला येईल.

काकांना नमस्कार.

तुझी,
ग्युरिम

ता. क. : ऑफिसातून कोणी विचारलंच, तर तू मला ओळखत नाहीस.

ता. क. २ : पत्र पाकिटात घालत होते तोच प्योसाहेब टेबलाशी आले. तू माझी मावशी, हे त्यांना कळलंय. ट्रकचे फोटो गावभर फिरले आणि कालपासून नवे खेळाडू नुसते लोटताहेत. ट्रक आणखी आठवडाभर ठेवता येईल का, असं तुला विचारायला सांगितलंय. भाडं कंपनी देईल. मजकूर मात्र तूच पाठव. आमच्या जाहिरातवाल्यांना इतकं झोंबणारं लिहिता येत नाही.