चौथा मजला वगळून

२ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. साहेबांनी मतदार यादीच्या पडताळणीचं काम माझ्याकडे दिलं. नऊशे बारा नावं. घरोघर जायचं, माणूस आहे का बघायचं. वारलेले, घर सोडून गेलेले, दोनदा नोंदलेले काढायचे, राहिलेले घालायचे. मुदत महिनाअखेर. साहेब म्हणाले, तुम्ही अनुभवी आहात. बाकीच्या दोघांनी रजा टाकली होती हे खरं, पण अनुभवही आहेच.
संकल्प : एकही घर सोडायचं नाही. रोज साडेपाचला उठायचं.

३ सप्टेंबर
साडेसातला उठलो. पण ठरवून उठलो, त्यामुळे तो आळस नव्हे.
सत्तावीस घरं झाली. एका घरी मला मीटर बघायला आलेला समजले. बघून दिलं.

९ सप्टेंबर
उजवा गुडघा. जिने कुणी शोधून काढले कोण जाणे.
नवी पद्धत बसवली. कोपऱ्यावरच्या चार मजली इमारतीखाली इस्त्रीवाला आहे. सगळ्या बिऱ्हाडांचे कपडे त्याच्याकडे. कोण आहे, कोण नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? बाकड्यावर बसून एका तासात अडतीस नावं तपासली. चौथ्या मजल्यावर एक म्हातारं जोडपं, यादीत क्रमांक ४१२ आणि ४१३. तो म्हणाला, आजोबांना जाऊन सहा वर्षं झाली. आणि आजी? शर्टावर पाणी मारत, मान वर न करता म्हणाला, गेल्या.
दोघांपुढे 'मयत' लिहिलं. लिहिताना वाईट वाटलं. मी मुळात हळवा माणूस.

१४ सप्टेंबर
बायकोला पद्धत समजावून सांगितली. ती म्हणाली, म्हणजे सगळ्या इमारतीच्या वतीने इस्त्रीवालाच हजर. तिला ऑफिसचं काम कळत नाही.

२० सप्टेंबर
काम संपलं. दहा दिवस आधी. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, अशी शंभर टक्के तपासलेली यादी पहिल्यांदा पाहतोय. प्रशस्तिपत्र मिळणार आहे. घरी बैठकीच्या खोलीत खिळा ठोकून ठेवला.

४ ऑक्टोबर
दुपारी एक बाई ऑफिसात आली. शिवणकाम करते, गळ्यात टेप तसाच होता. म्हणाली, मावशी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, चौथ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, पाय चालत नाहीत. घरून मतदान करायचा अर्ज हवा होता. मावशी चाळीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स होती, सगळे तिला सिस्टर म्हणतात. आजवर एकही मतदान चुकवलेलं नाही.
मी म्हणालो, मतदान सोपं व्हावं यासाठीच आम्ही बसलोय. अर्ज मी स्वतः घरी येऊन भरून घेतो. भाची आभार मानून गेली. शेजारच्या टेबलावरची ऑपरेटरसुद्धा कौतुकाने बघत होती.
मग पत्ता वाचला. यादी उघडली. ४१३.

संध्याकाळी. इस्त्रीवाल्याकडे जाऊन आलो. तो म्हणाला, त्या दिवशी सिस्टर दवाखान्यात गेल्या होत्या, तपासून घ्यायला. कुठे गेल्या ते तुम्ही विचारलंच नाहीत.
म्हणजे चूक भाषेची आहे.

५ ऑक्टोबर
शांतपणे विचार केला. नाव परत घालायचा वेगळा अर्ज असतो. त्यावर त्यांची सही, फोटो आणि साहेबांचा शेरा. शेवटची तारीख अठरा. प्रशस्तिपत्राचा कार्यक्रम बाराला. तेव्हा साहेबांना तेराला सांगायचं. पाच दिवस हातात राहतात. भरपूर झाले.

१२ ऑक्टोबर
प्रशस्तिपत्र मिळालं. माझ्या आडनावात एक अक्षर कमी आहे. खिळ्यावर लावलं. लांबून कळत नाही.

१३ ऑक्टोबर
रविवार.

१४ ऑक्टोबर
साहेब मीटिंगमध्ये.

१५ ऑक्टोबर
साहेब मोकळे होते, पण असं सांगायला मूड बघावा लागतो. दोनदा केबिनपर्यंत जाऊन पाणी पिऊन आलो.

१६ ऑक्टोबर
आधी अर्ज भरून आणावा, मग साहेबांना सांगावं, असा क्रम ठरवला. दोन्ही अर्ज घेऊन निघालो. बहात्तर पायऱ्या.
सिस्टर खिडकीपाशी खुर्चीत. मी धापा टाकत बसलो तर त्यांनी मलाच पँट गुडघ्यापर्यंत वर करायला लावली. अंगठ्याने दाबून बघितलं. म्हणाल्या, सूज नाही, चालायची सवय नाही. भाचीने पाणी दिलं.
घरून मतदानाचा अर्ज सुंदर अक्षरात भरला. सही करायला त्यांना दोन मिनिटं लागली. चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि एकेक अक्षर काढलं. मग विचारलं, माणसं पेटी घेऊन येतील तेव्हा मी बिछान्यात असले तर चालेल ना, की खुर्चीत बसायला हवं? मी म्हणालो, कसंही चालेल.
दुसरा अर्ज बॅगेतून काढलाच नाही. इतक्या आनंदात असलेल्या माणसाला, तुम्ही आमच्याकडे वारलेल्या आहात, हे कुठल्या तोंडाने सांगणार? उद्या सांगू.

१८ ऑक्टोबर
शेवटची तारीख. सकाळपासून अंगात कणकण. थर्मामीटर नव्व्याण्णव दाखवत होता. अशा अंगाने ऑफिसला जाऊन चारचौघांना आजारी पाडणं बरोबर नाही. बायकोने विचारलं, आज काही होतं का ऑफिसात? म्हणालो, विशेष नाही.

२४ ऑक्टोबर
सिस्टरचा अर्ज परत आला. शेरा : नाव यादीत नाही. ऑपरेटरने तो माझ्या टेबलावर उलटा ठेवला.
भाचीला फोन केला. सांगितलं, घरून मतदान करणाऱ्यांचा कोटा भरला, पण काळजी नको, केंद्रावर नवा रॅम्प केलाय, व्हीलचेअर आहे, मी स्वतः दारात उभा असेन.  ती म्हणाली, बघते खाली कसं आणायचं ते.
खोटं बोललो असं म्हणता येणार नाही. रॅम्प खरंच केलाय. केंद्रप्रमुख समजूतदार असतील तर काहीतरी मार्ग काढतील.

६ नोव्हेंबर
मतदान.
भाची, इस्त्रीवाला आणि दोन शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं. पाऊण तास लागला. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे होते. केस नीट विंचरलेले.
मी त्या वेळी समोरच्या चहाच्या दुकानात होतो. दारात उभं राहणार होतो, पण गर्दीत आपण अडचणच करतो.
रॅम्प उत्तम झालाय. व्हीलचेअर सहज आत गेली. सात मिनिटांनी सहज बाहेर आली.

आत काय झालं ते ऑपरेटरने सांगितलं, तिची तिथेच ड्यूटी होती. केंद्रप्रमुखांनी यादीवर बोट ठेवून सांगितलं, नावापुढे मयत लिहिलंय. सिस्टरनी विचारलं, कधीपासून? त्यांनी वाचलं, नऊ सप्टेंबर. सिस्टर म्हणाल्या, नऊला मी दवाखान्यात होते, डॉक्टर म्हणाले प्रकृती ठणठणीत आहे. कुणी हसलं नाही. मग त्यांनी विचारलं, घरी येऊन बघितलं कुणी? केंद्रप्रमुखांनी माझं नाव वाचून दाखवलं.
सिस्टर म्हणाल्या, हो, आले होते ते. गुडघा दुखतो त्यांचा.
एवढंच. मग भाचीला म्हणाल्या, चल.
वर न्यायला किती वेळ लागला ते माहीत नाही. चहाचा कप ठेवून मी मागच्या रस्त्याने निघालो.

११ नोव्हेंबर
भाचीने लेखी तक्रार केली. मला खुलासा मागितलाय. तीन मसुदे झाले. पहिल्यात 'भाषिक गैरसमज', दुसऱ्यात 'स्थानिक माहितीच्या आधारे', तिसऱ्यात प्रकृतीचं कारण. तिन्ही बायकोला वाचून दाखवले. तिने विचारलं, यात ती बाई कुठे आहे? मी म्हणालो, खुलाशात ती नसते.

२७ नोव्हेंबर
साहेबांनी केबिनमध्ये बोलावून दार लावलं. म्हणाले, तुमची सिस्टर काल गेली. मतदानाच्या दिवसापासून अंथरुणातून उठलीच नव्हती म्हणे, छातीत कफ झाला.
गेली म्हणजे कुठे, असं मी विचारलं. या वेळी विचारलं.
साहेबांनी तक्रारीची फाइल पुढे ओढली. मग म्हणाले, तक्रार निकाली काढतोय. नाव वगळलेलंच राहणार, फक्त तारखेचा फरक. सुटलात तुम्ही. यादी आता अचूक आहे.
मी थँक्यू म्हणालो.

२८ नोव्हेंबर
भेटायला गेलो. पूर्ण वर चढलो. मधे थांबलो नाही.
भाचीने दार उघडलं.  आत जाऊन मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स घेऊन आली. म्हणाली, तुमच्या यादीत तारीख चुकलीय, तेवढी बरोबर करा. माझी मावशी सव्वीस नोव्हेंबरला वारली. नऊ सप्टेंबरला नाही.
तारीख बदलायची तर आधी नाव यादीत असावं लागतं. तिला हे सांगायला तोंड उघडलं आणि कागद हातात घेतला.
म्हणालो, करतो.