इथे ऐकलेलं

गुरुवार, १२ जानेवारी. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. दूध तापत ठेवून लिहीत आहे.

ती. ताईस, धाकट्याचा सा. न. वि. वि.

तू सांगितल्याप्रमाणे काल दादाच्या बैठकीला गेलो. दारू सोडलेली माणसं आठवड्यातून दोनदा जमतात. महिन्यातून एकदा घरच्यांना मागे बसू देतात. छापखान्यावरची खोली, अठरा खुर्च्या, पैकी एक मोडकी. एक निवृत्त बसचालक आहेत, त्यांना सगळे काका म्हणतात. त्यांनी सुरुवातीलाच बजावलं की इथे ऐकलेलं इथेच ठेवून जायचं. तेही मी वहीत उतरवून घेतलं, म्हणजे तुला नीट कळवता येईल.

दादा चौथा उठला. एक्क्याण्णव दिवस झाले म्हणाला. टाळ्या झाल्या. मग म्हणाला की छकुलीचा पाय कशाने गेला ते बायकोला अजून खरं सांगितलेलं नाही. स्कूटरसमोर कुत्रं आलंच नव्हतं. तो प्यायलेला होता आणि लेक पुढे उभी होती. ताई, तीन वर्षं आपण त्या कुत्र्याला शिव्या देतोय! वहिनी बावीस तारखेला माहेराहून परत येणार, तेव्हा समोर बसून सांगेन म्हणाला. दादाला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

लोभ ठेवतेसच, तो कमी करू नकोस.
धाकटा

१९ जानेवारी

चि. कारकुनास, अ. उ. आ.

पत्र लिहिलंस की पंचनामा केलास? खुर्च्यासुद्धा मोजल्यास! पण दादाचं वाचून इतकं भरून आलं की राहवेना. वहिनीचं माहेर इथून दोन गल्ल्या पलीकडे. नवरा किती बदललाय ते कळावं, म्हणून तुझं पत्र काल तिच्या हातात दिलं. तिने दोनदा वाचलं, घडी घातली आणि आत छकुलीजवळ जाऊन बसली. माझं चुकलं का रे? लगेच कळव.

तुझी काळजी करणारी,
ताई

३० जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आधी माझं चुकलं, तुझं नंतर. वहिनी बावीसला आल्या नाहीत. पत्र वाचलं, एवढाच निरोप आला. दादाने विचारलं तेव्हा मी वही पुढे केली. त्याने ओरडायला हवं होतं. म्हणाला, तिला कळायलाच हवं होतं, पण माझ्या तोंडून. मला सांगण्यासारखं ते एकच होतं, तेही तू सांगून मोकळा झालास.

पुढच्या बैठकीला तो गेला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मी कामावर खाडा करून दाराशी बसलो. तो प्यायला मात्र नाही. शेवटी काका घरी आले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, पोरा, अक्षर छान आहे तुझं, पण आमचा एक माणूस घालवत होतास.

परवा वहिनींचा पुन्हा निरोप आला. त्यांना ते दादाच्याच तोंडून ऐकायचं आहे. परत यायचं की नाही ते त्यानंतर ठरवतील. काल सकाळच्या गाडीने दादा तिकडे निघाला, काकांना घेऊन. मीही पिशवी भरली होती. दादा म्हणाला, तू नको, तू लिहून घेशील. काका हसले. दादा हसला नाही.

तो तुझ्याकडे उतरला तर पोटभर जेवायला घाल, काही विचारू नकोस. कळलं तरी मला लिहू नकोस.

लोभ आता मागवत नाही. उरला असेल तेवढा असू दे.
धाकटा