आबांची अर्धीच धून

प्रिय आबा,

माझं अन् लिहिण्याचं किती जमतं, ते तुम्हाला माहीत आहे. मराठीचा पेपर बघून काय काय बोलला होतात! पण परवा तुमचं वर्षश्राद्ध, आणि आज घरात असं काही झालं की तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

आजीने, म्हणजे आपल्या अक्काने, हट्ट धरला. शेतात मोटार चालू करताना तुम्ही जे भजन गुणगुणायचात, श्राद्धाला तेच पाहिजे! भजनी मंडळाच्या नानांनी पेटीवर एकेक चाल वाजवली. अक्काचं एकच, "हाई नही, नाना!" शेवटी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "पिंट्या, माले त्यास्ना आवाज बी आठवत नही रे आते."

मला येत होतं हसू, ते तिथंच विरलं. ते भजन नाहीच, हे मला माहीत होतं ना! काकाने धुळ्याहून आणलेल्या जुन्या कॉम्प्युटरवरच्या माझ्या माकडाच्या गेमची ती धून. मी खेळायचो, तुम्ही मागे खाटेवर शेंगा फोडत ओरडायचात, "बंद कर ती पिपाणी!" मग तीच पिपाणी कपाशीत का वाजवत फिरायचात हो? आवडते म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? आवाज मोठा केला असता ना मी!

गेमचं नाव आठवेना. मोबाइलला तोंडीच सांगितलं, "माकड, पूल, जुना गेम." अन् धून सापडली! असल्या कितीतरी गेमांची गाणी कोणीतरी जपून ठेवलीत. पहिली टिंग वाजली अन् मला आपली खोली दिसली, जमिनीवर टरफलांचा ढीग.

फोन अक्काच्या कानाला लावला. तिने मान हलवली. "नही रे. त्यास्नं इतलं लांब नव्हतं."

आता काय करावं? मग डोक्यात उजेड पडला. मी रोज त्या एकाच पुलावरून पडायचो, आबा! तिथं धून तुटायची, परत पहिल्यापासून. पुढची तुम्ही कधी ऐकलीच नाही! माझ्यामुळे तुमचं गाणंही जन्मभर अर्धंच राहिलं.

मग तो गेमच मोबाइलवर घेतला अन् आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम पडलो. धून तुटली. परत सुरू झाली. अक्काने माझं मनगट घट्ट धरलं. "हाईच! हाईच शे!"

"कोणत्या देवाचं रे?" नानांनी विचारलं.

तुम्ही मला ओळखता, आबा. एक थाप मारली असती तर अख्खं मंडळ माकडाच्या गेमवर टाळ कुटत बसलं असतं! जीभ शिवशिवली. पण अक्काच्या तोंडाकडे बघितलं आणि खरं सांगून टाकलं.

अन् अक्का फस्सकन हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा! डोळे पुसत म्हणाली, "माले वाटे, म्हातारा देवना नादे लागना! हाऊ ते नातूना नादे लागेल व्हता!"

हे मला आधी का नाही कळलं, आबा?

नाना आता पेटीवर तीच धून बसवताहेत, तुटते तिथंच तोडून. अन् अक्का मघाशी मोबाइल उलटासुलटा करत विचारत होती, "माले शिकाडशी का?"

शब्द देतो, गेम शिकवीन. रोज सकाळी, चहा झाला की. चुकली तर चिडवणार नाही. बरं, थोडंसंच चिडवीन. पण तिला एकटं बसू देणार नाही, हे पक्कं.

तुमचाच उपद्व्यापी,
पिंट्या