राखाडी ओळ

रविवार, ९ ऑगस्ट

प्रिय धाकल्या,

तुझं पत्र पोचलं, नव्या घराचे फोटोही. स्वयंपाकघराला मोठी खिडकी घेतलीस, बरं केलंस. इकडे आम्ही दोघं बाप-लेक ठीक. नानांचा गुडघा दुखतो, पण कुरकुर करण्याइतकी तब्येत आहे. 'ताई, चार दिवस येऊन राहा' असं दोनदा लिहिलं आहेस. त्याचं शेवटी लिहिते.

मला काम मिळाल्याचं नानांनी कळवलं असेल. एका ग्रंथालयाची पुस्तकांची यादी संगणकावर आहे, ती सांभाळायची. पगार बेताचा, पण माणसं हळू आवाजात बोलतात. संगणक जुना. त्यावर आज्ञा लिहायचा तोच आपला टर्मिनलमधला एडिटर, काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं, आपण दोघं कामाला होतो त्या हॉस्पिटलात होती तशी. तिथे मी एकदा सिंटॅक्स हायलाइटिंग लावू या, ओळींना प्रकारानुसार रंग येतील, म्हटलं होतं. "ताई, रंगीत खडू लहान मुलांना लागतात," तू म्हणालास. सगळी खोली हसली. मीही हसले.

इथे हसायला कुणी नव्हतं, म्हणून लावलं. एडिटरची छोटी आवृत्ती होती, तिला रंगांचा गंधच नाही. पूर्ण आवृत्ती घातली, सेटिंगच्या फाइलीत 'सिंटॅक्स ऑन' लिहिलं. रंग आले, पण टिपणांचा गडद निळा काळ्यावर दिसेना, तो राखाडी केला. अर्धा दिवस गेला. पण डोळ्यांवरचं ओझं उतरलं बघ. आज्ञा पिवळ्या, मजकूर हिरवा, आणि ज्या ओळीपुढे हॅशचं (#) चिन्ह आहे, म्हणजे नुसतं टिपण समजून यंत्राने जी वाचायचीच नाही, ती राखाडी.

मग घरच्या संगणकावरही लावलं. आणि आज्ञांची एक जुनी फाइल उघडली.

कुठली, ते तुला ठाऊक आहे. पेशंटांचे जुने रिपोर्ट दुसऱ्या जागी नीट पोचले का ते तपासून मगच मूळ पुसणारी. तू लिहिलेली, मी वाचून सही केलेली. त्या सोमवारी अकरा वर्षांचे रिपोर्ट न तपासता पुसले गेले, आणि दुसऱ्या जागी निम्मेही पोचले नव्हते. नवऱ्याच्या तपासण्या मागायला आलेल्या एक बाई खिडकीशी तीन तास बसून होत्या. भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तपासणीच्या ओळीपुढे हॅश आहे, असं चौकशीत निघालं. चौकशीवाल्यांनी सही कुणाची ते पाहिलं, फाइल कधी बदलली ते पाहिलं नाही. "ताईच्या नजरेतून सुटलं असेल," तू म्हणालास, इतक्या मायेने की मलाही पटलं. मी राजीनामा दिला. माझ्या खुर्चीवर तू बसलास, तेव्हा घरातच राहिली म्हणून मी समाधान मानलं.

त्याला दोन वर्षं झाली. कुलूप लावलं की मी तीनदा ओढून बघते. पत्र पाकिटात घातलं की परत काढून वाचते. नाना रोज विचारतात, "गॅस बंद केलास ना? नक्की?" आणि मी उठून बघायला जाते.

त्या फाइलीच्या माझ्याकडे दोन प्रती आहेत. एक सही केली त्याच दिवशी पेनड्राइव्हवर ठेवलेली, दुसरी चौकशीनंतर हातात दिलेली. उघडायचा धीर झाला नव्हता. परवा दोन्ही शेजारी शेजारी लावल्या. चौकशीच्या प्रतीत ती ओळ राखाडी आहे. माझ्या प्रतीत पिवळी आहे. चारशे ओळींत तेवढाच फरक. हॅश माझ्या सहीनंतर आला, धाकल्या. पासवर्ड आपल्या दोघांकडेच होता.

का लावलास, तेही आता कळतं. तपासणीला दोन तास लागायचे आणि तू हॉस्पिटलच्या साहेबांना वीस मिनिटांत काम करून दाखवलंस. त्यांनी तुझी पाठ थोपटली तेव्हा मी तिथेच उभी होते, अभिमानाने.

चुकलास म्हणून मी तुला टाकलं नसतं. पण चौकशीच्या टेबलाशी मला जाब विचारत होते, तेव्हा तू मला पाण्याचा ग्लास दिलास आणि गप्प बसलास. ते पाणी मी प्यायले.

नानांना दोन्ही प्रती दाखवल्या, समजावून सांगितल्या. मग म्हणाले, "त्याचं आत्ता कुठे बस्तान बसतंय. कशाला उकरून काढतेस?" हे खोटं आहे, असं मात्र म्हणाले नाहीत.

काल मी त्या प्रती साहेबांना पाठवल्या. मिळाल्याचं त्यांचं उत्तरही आलं. तुला आधी विचारायला हवं होतं, असं नानांचं म्हणणं. कालपासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

तुझ्या घरी मी येणार नाही. तुला इथे यायचं असेल तर ये, नाना वाट बघतात. फक्त आधी कळव, म्हणजे त्या दिवशी मी ग्रंथालयात उशिरापर्यंत थांबेन.

आई एकच होती म्हणून तुझी,
ताई