थिनरचा वास

४ ऑगस्ट, सकाळ
ताप १०१. गॅरेजात तीन गाड्यांचं डेंटिंग पडलंय. ठोकून बोनेट सरळ करणारा माणूस मी, ताप माझं काय वाकडं करणार?
शुगर २९०. काल दुपारपासून पोटात अन्नाचा कण नाही, मग साखर आली कुठून? मीटर बिघडलं होतं. आता फुटलंय. भिंतीवर मीच आपटलं.
ठराव: खाणं बंद, तर इन्सुलिनही बंद. गिऱ्हाईक नसताना शटर कशाला उघडायचं?
बायको म्हणाली, आजारपणात इन्सुलिन बंद करायचं नसतं, डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. मी ताट भिरकावलं. रिकामंच होतं.

५ ऑगस्ट, सकाळ
दोन उलट्या. पोटात घण पडताहेत. तांब्यावर तांबे पाणी प्यायलो, तहान जात नाही.
बायको म्हणते, तुमच्या तोंडाला थिनरचा वास येतोय. येणारच. गॅरेजातलं पेंटिंगचं काम तिच्या भावाकडे आहे. थिनरचा डबा उघडा टाकत असणार, वाफ माझ्या छातीत गेली. बायकोचा भाऊ म्हणून किती सोसायचं? आज त्याला सोडत नाही.

५ ऑगस्ट, ११ वाजता
गॅरेजात जाऊन आलो. मेहुणा म्हणाला, दाजी, डबा बंद आहे. बघितलं. बंद होता. म्हणजे मला येताना बघून बंद केला. नाकावर ठोसा दिला. तोंडाला तोंड देतो म्हणून दुसरा दिला. रक्त आलं. थोडंच.

५ ऑगस्ट, दुपार
बायकोने लघवीत बुडवायच्या किटोनच्या पट्ट्या आणल्या. पट्टीचा रंग डबीवरच्या रंगांशी जुळवायचा म्हणे. शेड मॅचिंग मला शिकवते.
पट्टी गडद जांभळी. डबीवरची शेवटची शेड. बायको म्हणाली, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. मी म्हणालो, छपाई भडक आहे, दुसरं काही नाही. डबी पायाखाली चिरडली. तेवढ्यानेच धाप लागली. बूट बदलायला हवेत.

८ ऑगस्ट, दवाखाना
मधले दिवस आठवत नाहीत. हाताला सलाईन आणि इन्सुलिन.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तापात उपाशी राहिलं तरी साखर चढते. इन्सुलिन मिळालं नाही की शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून किटोन होतात. ते साठले की रक्त आंबतं, धाप लागते, श्वासाला थिनरसारखा वास येतो. आणखी काही तास उशीर झाला असता तर तुम्ही गेला होतात.
घाबरलो. कुणाला सांगितलं नाही.
बायको म्हणाली, तुम्ही दारात कोसळलात, माझ्या भावाने पाठीवर घालून गाडीपर्यंत नेलं. त्याचं नाक मोडलंय.
तो खाटेशेजारी बसलाय. नाकावर पट्टी. मला दाजीच म्हणाला.
लाज वाटली. माफी मागावी म्हणून हात पुढे केला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.
मेल्याहून मेल्यासारखं झालं.