सासूबाईंच्या भांगेचं बी

अल्मोडा,
मंगसीर महिना, आइतवार

पूज्य लक्ष्मीदत्त दाज्यूंच्या चरणी रेवाधरचा पैलाग.

आपला गुडघा आता कसा आहे? भौजींना माझा आणि खष्टीचा पैलाग सांगावा. बिबट्याने कुत्रा नेल्याचं आपण कळवलंत, वाईट वाटलं. (एवढं भुंकणारं कुत्रं बिबट्याला स्वतःहून पत्ता सांगतं, हे मी आपल्याला मागेच म्हणालो होतो. पण ते असो.) हल्द्वानीला आमच्या लेकीला, हेमाला मुलगा झाला, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, आणि इकडे थंडीमुळे माझ्या दाढदुखीने पुन्हा डोकं वर काढलं आहे.

पत्रास कारण विशेष काही नाही. मी या वर्षी घरात भांग लावली आणि ती उत्तम आली, एवढं आपल्याला कळवावं म्हटलं. आपल्या बहिणीकडून, म्हणजे खष्टीकडून, उलटसुलट काही कानावर येण्याआधी खरी हकिगत माझ्याकडून कळलेली बरी.

सासूबाई, म्हणजे आपली ईजा, गेल्यावर खष्टी माहेरून निघाली तेव्हा तिने नथ मागितली नाही, भांडी मागितली नाहीत, फक्त ईजाच्या भांगेच्या बियांची एक पुरचुंडी मागून आणली, हे आपल्याला आठवतच असेल. टपोरं बी, आणि चटणीत कडवटपणाचं नाव नाही. गेल्या थंडीत तिने त्याच्याच वाटणात दही घालून मोठी लिंबं कालवली, गल्लीतल्या बायका उन्हात बसून बोटं चाटत होत्या, आणि खष्टी प्रत्येकीला ‘हे आमच्या ईजाचं बी’ असं सांगून डोळे पुसत होती (लिंबू फार आंबट आहे म्हणायची). शेवटी मूठभर उरलं, ते तिने माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, मागच्या उकिरड्याजवळ भिरकावून द्या, ईजा तसंच करायची. दाज्यू, मी जन्मभर इंटर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. भिरकावलेली वस्तू कुठे जाऊन पडेल हे मी फळ्यावर मांडून दाखवू शकतो, पण म्हणून सासूबाईंची शेवटची आठवण भिरकावून देणं मला शोभेना.

शास्त्र मोबाइलवर मिळालं. एक दाढीवाला परदेशी गृहस्थ घरात भांग कशी लावावी हे फार तळमळीने शिकवतो. त्याची भाषा मला कळत नाही, पण हातवारे अगदी स्पष्ट आहेत. पहिल्या धड्यात त्याने बी पाण्यात टाकलं. बुडालं ते घेतलं, तरंगलं ते फेकलं. मीही तसंच केलं आणि जवळजवळ निम्मं बी नापास करून मागच्या खिडकीतून बाहेर टाकलं. खष्टी दारात उभी राहून बघत होती. ती चुलीतली राख सुपात भरून मागच्या दारी टाकायला निघून गेली. (माझ्या संसारात ती गप्प राहिली की माझं म्हणणं तिला पटलं असं मला वाटत आलेलं आहे.)

आता मागे उकिरड्यावर रानची भांग खांद्याइतकी माजते. कुणी पेरत नाही, कुणी पाणी घालत नाही. तिच्या संगतीत ईजाचं बी बिघडू नये म्हणून मी कुंड्या काचेच्या व्हरांड्यात मांडल्या, मागची खिडकी कायमची बंद केली आणि तिच्या काचांवर, फटींवर कागद चिकटवले. व्हरांड्यात खष्टी थंडीत विणायला बसते, तिला मी जिन्याची पायरी दिली. तिथेही सकाळी थोडं ऊन येतं. सुरुवातीला माझ्याकडून लाड जरा जास्त झाले. काही रोपं पाण्याने कुजली, काही गारठू नयेत म्हणून हीटरजवळ ठेवली ती वाळली, काही उंदराने नेली. पण जी उरली ती अशी वाढली की मला स्टुलावर चढून त्यांची चौकशी करावी लागे.

श्रावणात खष्टी हेमाच्या बाळंतपणासाठी हल्द्वानीला गेली आणि नेमका तेव्हाच दाढीवाल्याचा सर्वांत महत्त्वाचा धडा आला. त्याने एका नर झाडावर बोट ठेवून असं तोंड केलं, जसं घरात साप निघाल्यावर माणूस करील. मग ते झाड उपटून कचऱ्यात टाकलं. मी चष्मा लावून आमच्याकडचा एकेक नर हुडकला आणि मुळासकट उपटला. दयामाया दाखवली नाही. त्यानंतर राहिलेल्या मादी झाडांनी काय अंग धरलं म्हणता! मनगटाएवढे चिकट तुरे, आणि वास असा की पोस्टमन पत्र देऊन झाल्यावरही दारात उभा राहायचा. दसऱ्यानंतर खष्टी परतली, झाडांभोवती एक फेरी मारून तिने एवढंच विचारलं, बी कधी धरणार? मी म्हणालो, झाड आधी अंग धरतं, मग बी. हे मी इतक्या ठामपणे म्हणालो की मलाही पटलं.

मग आमच्याकडे साधूबाबा येऊ लागले. जागेश्वरच्या देवळाला जाणारे, जागेश्वरहून येणारे, आणि कुठेच न जाणारे. खष्टीला वाटलं, बाळाच्या पायगुणाने घराचं पुण्य वाढलं. ती पीठ वाढत राहिली. त्यातला एक म्हातारा बाबा सरळ व्हरांड्यात शिरला, एक तुरा खुडला, नखाने उकलून बराच वेळ बघत राहिला आणि त्याने मलाच हात जोडले. म्हणाला, “भगत, एकसुद्धा दाणा नाही. नराची सावली पडू दिली नाहीस. याला म्हणतात तपश्चर्या.”

दाज्यू, तेव्हा कुठे मला कळलं. त्या दाढीवाल्याला बी नकोच होतं, त्याला नशा हवी होती. ईजाच्या या हिरव्या लेकींना मी इतक्या सोवळ्यात वाढवलं की वरपक्षाला दारातूनच हाकललं. ईजाचं बी संपलं आणि ते माझ्या हातून संपलं. (तरी प्रयोग म्हणून पाहिलं तर तो पूर्ण यशस्वी झाला, हे आपण नाकारणार नाही.)

दुसऱ्या दिवशी हवालदार जगदीश आला. माझाच विद्यार्थी, उष्णतेच्या धड्यात कायम कच्चा. तो झाडांपुढे टोपी काढून उभा राहिला. म्हणाला, “मासाब, बी म्हणजे चटणी, त्याला कोण विचारतंय? पण हे तुरे म्हणजे निव्वळ गांजा आहे. मी कोपऱ्यावर चहा पिऊन येतो. आल्यावर मला कुंड्या दिसू देत, झाडं नकोत.” खष्टी बाजारात गेली होती, तेवढ्यात मी सगळी झाडं अंगणातल्या खड्ड्यात पुरली. (त्यानंतर म्हातारा बाबा खड्ड्याला प्रदक्षिणा घालताना दिसला.) खष्टीला सांगितलं की पीक कापलं, एका मित्राच्या गच्चीवर वाळत घातलं आहे. तिने टोपलीभर लिंबं आणली आहेत आणि येत्या शनिवारी गल्लीतल्या बायकांना बोलावलं आहे.

बाकी सर्व कुशल. झाडं उत्तम आली होती हे गावात अवश्य सांगावं. गुडघ्याला मोहरीचं तेल लावत जावं.

आपला,
रेवाधर

ता. क. ईजाच्या बियांपैकी ओंजळभर तरी आपल्याकडे असेलच. ती बसच्या ड्रायव्हरबरोबर शनिवारच्या आत पाठवावी, पिशवीवर ‘मेथी’ असं लिहावं. (फोन केला नाही, कारण आमच्याकडे फोन खष्टी उचलते.) मी ते माझंच पीक म्हणून तिच्यापुढे ठेवीन. दाज्यू, एवढं एक करा. तिने आईचं दुसरं काहीच मागितलं नव्हतं.

पुन्हा ता. क. वरचा ता. क. रद्द समजावा. मी पाकिटासाठी डिंक शोधत होतो, तेवढ्यात खष्टीने पत्र वाचलं. ती रागावली नाही, त्यामुळे मी जास्त घाबरलो. म्हणाली, “दाज्यूंकडे कुठलं आलं? ईजाच्या वर्षश्राद्धाला शेवटचा दाणा चटणीत वाटून संपला, तेव्हा रडत फोन केला होता त्यांनी.” मग तिने आतून सूप आणून माझ्यापुढे ठेवलं. काठोकाठ बी. मी नापास करून फेकलेलं सगळं उकिरड्यावर रुजलं होतं, वरून तिने राख टाकली होती, आणि ते रानच्या भांगेच्या संगतीत झकास वाढलं होतं. खिडकीला कागद असल्यामुळे मला दिसलं नाही. मी चार दाणे चावून बघितले. ईजाचंच. खष्टी डोळे पुसत होती, आणि लिंबू अजून कापलेलंसुद्धा नव्हतं.

म्हणजे शेवटी बी मीच पेरलं, फक्त खिडकीतून, हे आपल्या ध्यानात आलंच असेल.

शेवटचा ता. क. बसच्या ड्रायव्हरबरोबर आपल्यासाठी एक पुरचुंडी पाठवत आहे. खष्टी म्हणते, दाज्यूंना लिहा, गोठ्यामागे भिरकावून द्या आणि पुन्हा तिकडे बघू नका. आपण असं काही करू नये. चैतात मी स्वतः येतो आहे, तोवर बियांना कुणी हात लावू नये.